सात पंधराची गाडी

२०१६ च्या जानेवारीत ती गोष्ट माझ्या फोनवर एकाच दिवसात पाच ठिकाणांहून येऊन पडली. माहेरच्या ग्रुपवर, शिक्षकांच्या ग्रुपवर, डीएडच्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर. जपानच्या उत्तरेकडचं एक आडगावचं स्टेशन. चहूकडे बर्फ. तिथून रोज एकच प्रवासी चढतो, शाळेत जाणारी एक मुलगी. रेल्वेला स्टेशन बंद करायचं होतं, पण ही मुलगी शिकतेय असं कळलं तेव्हा तिची शाळा संपेपर्यंत तिच्या एकटीसाठी गाडी चालू ठेवायचं ठरलं. सकाळी एक, संध्याकाळी एक. खाली जोडलेले हात, गुलाबाची दोन-तीन फुलं आणि ‘याला म्हणतात देश!’

मी तेव्हा कोयनेच्या खोऱ्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. दुसऱ्या दिवशी परिपाठात बोधकथेची पाळी माझ्या वर्गाची होती आणि जिने कथा सांगायची ती मुलगीच आली नव्हती. मग मीच उभी राहिले आणि ही गोष्ट सांगितली. चांगली रंगवून सांगितली. बर्फ गुडघ्यापर्यंत आणून ठेवला. गाडीचा दिवा लांबून दिसायला लागतो तो घातला. ड्रायव्हरकाकांना टोपी काढून नमस्कारही करायला लावला. पोरांनी बर्फ कधी पाहिलेला नव्हता, पण रस्त्याच्या कडेला दप्तर पोटाशी धरून गाडीची वाट बघणारी मुलगी त्यांना नीट माहीत होती. मैदान एकदम गप्प झालं. बोधकथा लागू पडल्याचं समाधान शिक्षकाला फार क्वचित मिळतं. ते मला त्या सकाळी मिळालं आणि पाचेक मिनिटं टिकलं.

वर्गाकडे जाताना आठवीतली एक जण शेजारून चालायला लागली. वरच्या अंगाच्या वाडीतून मुक्कामी गाडीने यायची ती. रात्री वाडीत येऊन थांबणारी आणि पहाटे तिथूनच सुटणारी ती गाडी, तिच्या सगळ्या दिवसाचं घड्याळ.

“बाई, मग ती दुपारी आजारी पडली तर?”

“म्हणजे?”

“म्हणजे गाडी सकाळी एक आन् संध्याकाळी एक. मधेच पोटात दुखायला लागलं तर कुठं थांबायची ती? आन् गॅदरिंगची प्रॅक्टिस असली तर?”

“जपानमध्ये काहीतरी सोय असेल,” मी म्हणाले.

तिने मान डोलावली, मोठ्यांनी काहीतरी ठोकून दिलं की मुलं डोलावतात तशी. ‘असेल’ हा शब्द भूगोलाच्या बाईने वापरायचा नसतो. मला तो दिवसभर टोचत राहिला.

वेळापत्रकं वाचायची मला लहानपणापासून खोड आहे. वडील रेल्वेत नव्हते, पण त्यांच्या टेबलावर रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक कायम असायचं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं न निघालेले प्रवास त्यात करायचो. अमुक जंक्शनला तीन तास थांबा, मग गाडी बदला. जपानी वाचता येत नसलं तरी वेळापत्रकातले आकडे सगळ्यांचे सारखेच असतात. भाषांतराच्या कुबड्या घेऊन मी त्या स्टेशनाचा तक्ता शोधला, आणि गोष्टीचे टाके उसवायला लागले.

पहिली चूक स्टेशनाचीच. फॉरवर्डमध्ये नाव होतं कामी-शिराताकी. मुलगी चढायची ते स्टेशन क्यू-शिराताकी. होक्काइदो बेटाच्या ईशान्य बाजूला, एन्गारू तालुक्यात, सेकिहोकु नावाच्या रेल्वेमार्गावर ही सगळी भावंडं ओळीने होती. शिराताकी म्हणजे पांढरा धबधबा. कामी म्हणजे वरचं, शिमो म्हणजे खालचं, क्यू म्हणजे जुनं. आपल्याकडे एकाच नावाचं बुद्रुक असतं आणि खुर्द असतं, त्यातलाच प्रकार. वरचं शिराताकी, नुसतं शिराताकी, जुनं शिराताकी, खालचं शिराताकी. त्याही पलीकडे डोंगराकडेला एक ‘आतलं’ शिराताकी होतं, ते २००१ मध्येच गेलं. यातलं जुनं शिराताकी स्टेशन म्हणून वयाने सगळ्यांत धाकटं. खालचं १९२९ चं, वरचं १९३२ चं. जुन्याला १९४७ मध्ये तात्पुरता थांबा म्हणून सुरुवात झाली आणि अधिकृत स्टेशनाचा मान मिळाला तो थेट १ एप्रिल १९८७ रोजी, सरकारी रेल्वेचे तुकडे होऊन नव्या कंपन्या झाल्या त्या दिवशी. म्हणजे जन्माला आलं तेच ‘जुनं’ हे नाव घेऊन, आणि स्टेशन म्हणून जगलं एकोणतीस वर्षं.

दुसरी चूक गाड्यांची. सकाळी ७:०४ आणि संध्याकाळी १७:०८ या फॉरवर्डमधल्या वेळा कामी-शिराताकीच्या होत्या, आणि तिथे खरोखरच दिवसाकाठी जाणारी एक आणि येणारी एक एवढ्याच गाड्या थांबत. पण जुन्या शिराताकीच्या तक्त्यात चार आकडे होते. एन्गारूकडे जाणारी ७:१५. तिकडून येणाऱ्या १६:५३, १८:०५ आणि १९:२५.

हे चार आकडे मी वहीत लिहून घेतले आणि बराच वेळ बघत बसले. जायला एक, यायला तीन. ज्याने कोणी हे बसवलं त्याला शाळा म्हणजे काय ते कळत होतं. सकाळी सगळ्यांना एकाच घंटेला पोचायचं असतं, तिथे एक गाडी पुरते. सुटायच्या वेळा मात्र वेगवेगळ्या. कुणी घंटा झाली की पळतं, कुणाचा सराव असतो, कुणाला बाईंनी थांबवून घेतलेलं असतं. घंटेबरोबर पळणारीला १६:५३. सराव करून निघणारीला १८:०५. अगदीच रेंगाळलेलीला १९:२५. गॅदरिंगच्या प्रॅक्टिसचं उत्तर तक्त्यात होतं. पोटदुखीचं नव्हतं. दुपारी काही झालं तर तिला शाळेतच पडून राहावं लागणार, नाहीतर घरच्यांनी गाडी काढून यायचं. ही सोय वाडीतल्या माझ्या मुलीलाही होती, गाडी तेवढी शेजाऱ्याची जीप असायची.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी, आणि तिचाच मला सगळ्यांत जास्त राग आला. मुलगी गाडीत एकटी नसायची. त्याच गाडीने एन्गारूच्या शाळेत जाणारी आणखीही मुलं होती. गाडी तिच्या एकटीसाठी धावतच नव्हती. ती वरून यायची, खाली एन्गारूला जायची, आणि जुनं शिराताकी बंद झाल्यावरही सकाळची मुलं घेऊन जाणारी गाडी काही बंद पडली नाही. तिच्यासाठी गाडी फक्त थांबायची.

फक्त थांबायची. या दोन शब्दांपाशी माझा राग जरासा निवळला. आपल्या भाषेत स्टँडपेक्षा लहान जागेला थांबा म्हणतात. एसटीच्या पाट्यांवर ‘विनंती थांबा’ लिहिलेलं असतं आणि लहानपणी मला वाटायचं, ती पाटीच हात जोडून ड्रायव्हरला विनंती करतेय, थांबा हो. आख्ख्या देशाने एका मुलीसाठी गाडी चालवली, या गोष्टीत मुलगी केवढी मोठी होते आणि देश तर आकाशाएवढा. पण गाडीने मिनिटभर थांबायचं, दार उघडायचं, पुन्हा बंद करायचं, हे सुट्ट्या सोडून वर्षानुवर्षं रोज करायचं, याची गोष्ट कुणी फॉरवर्ड करत नाही. त्यात टोपी काढणारे ड्रायव्हरकाका नसतात.

थांबणं फुकट होत नाही, हेही भूगोलाच्या बाईला सांगितलं पाहिजे. तिकडे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांच्याही पलीकडे घसरतो. फलाट म्हणजे रुळांच्या कडेचा उंचवटा आणि लाकडी खोपटासारखी प्रतीक्षा-खोली, पण तेवढ्यावरचाही बर्फ कुणालातरी ओढावा लागतो, दिवा लावावा लागतो. आणि शेवटी हिशेबनीस विचारतो, किती जणांसाठी?

तो प्रश्न विचारला जायचा ठरलेला दिवस मार्चमध्ये येतो. जपानी रेल्वे आपलं मोठं वेळापत्रक दर वर्षी मार्चमध्ये बदलते. तिकडचं शैक्षणिक वर्षही मार्चमध्येच संपतं. होक्काइदोच्या सरकारी उच्च माध्यमिक शाळांमध्ये १ मार्चच्या सुमाराला निरोप समारंभ होतात. मुलीची शाळा संपणं आणि स्टेशन संपणं एकाच महिन्यात आलं, यात सगळा देश डोळे पुसत बसला होता असं काही नव्हतं. दोन कॅलेंडरं तिथे नेहमीच एकत्र येतात. त्या वर्षीच्या बदलात २६ मार्चला होक्काइदोतली आठ स्टेशनं पुसली गेली. वरचं, जुनं आणि खालचं शिराताकी त्यांतलीच. आणि अगदी त्याच दिवशी, २६ मार्च २०१६ रोजी, समुद्राखालच्या बोगद्यातून होक्काइदोला पहिली बुलेट ट्रेन आली. बातम्यांमध्ये साहजिकच तिचं नाक चमकत होतं.

त्याच नोव्हेंबरात होक्काइदोच्या रेल्वे कंपनीने जाहीर केलं की १३ टप्पे, मिळून १,२३७ किलोमीटरचा मार्ग, आपल्याला एकट्याला सांभाळणं कठीण आहे. हा तिच्या सगळ्या जाळ्याचा जवळजवळ निम्मा भाग. सेकिहोकु मार्गही त्या यादीत होता. एका मुलीच्या गोष्टीचे एवढे हात जोडून झाले, पण ही यादी माझ्या कुठल्याच ग्रुपवर आली नाही.

पुढे मी निवृत्त झाले. भाचा साप्पोरोला पीएचडीला गेला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत मी पंधरा दिवस त्याच्याकडे होते. बर्फाचा उत्सव बघून झाला, बर्फात घसरून पडूनही झालं. मग मी त्याला म्हटलं, मला शिराताकीवरून जायचंय.

“मावशी, तिथं आता स्टेशन नाही.”

“रूळ आहेत ना?”

ओखोत्स्क नावाची डिझेलवर धावणारी एक्स्प्रेस साप्पोरोहून सकाळी लवकरच निघते. त्याआधी दोन दिवस मी असाहिकावाजवळ एका डब्याच्या लोकलमध्ये बसून घेतलं होतं, कारण क्यू-शिराताकीला थांबायची ती असलीच गाडी. मागच्या दाराने चढायचं. दाराशी एक यंत्र कागदाचा चिटोरा बाहेर काढतं, त्यावर आकडा. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक फलक, त्यावर प्रत्येक आकड्याखाली भाडं, आणि प्रत्येक स्टेशनाला ते भाडं पुढे सरकतं. उतरताना पुढच्या दाराने, ड्रायव्हरच्या शेजारच्या पेटीत चिटोरा आणि नाणी टाकून. ड्रायव्हर, कंडक्टर, तिकीट तपासनीस सगळा एकच माणूस. पांढरा हातमोजा घातलेलं बोट सिग्नलकडे रोखून तो मोठ्याने काहीतरी म्हणायचा. भाच्याने सांगितलं, सिग्नल हिरवा आहे हे तो स्वतःलाच ऐकवतो. डब्यात आम्ही दोघं, एक आजी आणि झोपलेली चार शाळकरी मुलं. त्याला बघायला, ऐकायला कुणीच नव्हतं, तरी त्याचं बोट प्रत्येक सिग्नलला सरळ उठत होतं. आपल्या परिपाठात मी त्याला टोपी काढायला लावली होती ते आठवून मला ओशाळल्यासारखं झालं.

एक्स्प्रेस कामिकावाला थांबली आणि तिथून पुढे ३७.३ किलोमीटर कुठेच थांबणार नव्हती. जपान रेल्वेच्या साध्या मार्गांवर शेजारच्या दोन स्टेशनांमधलं एवढं अंतर दुसरीकडे कुठेही नाही. वरचं शिराताकी होतं तेव्हा ते ३४ होतं. मधली स्टेशनं एकेक करून गळाली, हार तुटून मणी ओघळावेत तशी, आणि दोरा तेवढा लांब राहिला. बाहेर झाडं, बर्फ, झाडं. मग चार किलोमीटरहून लांब बोगदा. बोगद्याच्या अलीकडचं पाणी इशिकारी नदीतून जपानच्या समुद्राला जातं, पलीकडचं युबेत्सु नदीतून ओखोत्स्कच्या समुद्राला. सह्याद्रीच्या माथ्यावर मुलांना उभं करून मी हेच सांगत आले, इथून थुंकलात तर अर्धं अरबी समुद्रात आणि अर्धं बंगालच्या उपसागरात. इथे मात्र सगळं गोठलेलं. पाणी कुठल्याही समुद्राकडे निघालेलं दिसत नव्हतं.

हा रस्ता पहिल्यांदा माणसाने केला तो रेल्वेच्या फार आधी, आणि करणाऱ्यांच्या पायांत साखळ्या होत्या. १८९१ मध्ये आबाशिरीच्या तुरुंगातल्या हजारावर कैद्यांना जुंपून डोंगराच्या खिंडीपर्यंत रस्ता पाडला. त्यात दोनशेहून जास्त कैदी मेले. कितीतरी जण साखळीसकट पुरले गेले. त्यानंतर आले वसाहत करणारे. १९१२ मध्ये दक्षिणेच्या वाकायामाहून काही कुटुंबांना घेऊन एक तरुण शिराताकीला आला, जंगल तोडून शेती करायला. मोरिहेई उएशिबा त्याचं नाव. ऐकिदो ही युद्धकला पुढे त्यानेच घडवली. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी, हिमयुगात, इथे माणसं येत होती ती काळ्या काचेसाठी. शिराताकीच्या डोंगरात ज्वालामुखीची काच, म्हणजे ऑब्सिडियन, एवढी सापडते तेवढी जपानमध्ये कुठेच नाही. तिचे ठोकून काढलेले भाले आणि सुऱ्या २०२३ मध्ये राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झाल्या. जपानच्या राष्ट्रीय ठेव्यांत त्यांच्याहून जुनं काही नाही. माणसं येतात, पुष्कळ वर्षं राहतात, निघून जातात, हे या खोऱ्याला नवं नाही. मला मात्र खोऱ्यापेक्षा सात पंधराची पडली होती.

शिराताकीला गाडी मिनिटभर थांबली. इथे अजून स्टेशन आहे. कुणी उतरलं नाही, एक जण चढला. गाडी सुटली आणि मी खिडकीला नाक लावलं. भाच्याला पलीकडच्या खिडकीशी बसवलं. जुनं शिराताकी कुठल्या बाजूला येईल याचा अभ्यास मी केला होता, पण बर्फाने तो अभ्यास पांढरा करून टाकला होता. काचेवर माझाच श्वास साचत होता. मी बाहीने पुसत होते. रस्ता दिसला, एक घर दिसलं, लाल छपराचा एक सायलो, झाडांची रांग. प्रत्येक सपाटीला वाटायचं, हेच. मग ती मागे जायची.

आणि मग रुळांचा आवाज बदलला. आमच्या रुळाला शेजारी दुसरा रूळ फुटला, थोडा वेळ बरोबर धावला आणि परत येऊन मिळाला. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची ही जागा. खालचं शिराताकी प्रवाशांसाठी बंद झालं, पण गाड्यांच्या अदलाबदलीसाठी सिग्नलचं ठिकाण म्हणून ठेवलंय. म्हणजे ते आलं. म्हणजे जुनं मघाशीच गेलं.

“दिसलं का गं?” भाच्याने विचारलं.

“गेलं मागे.”

एन्गारूला पोचलो तेव्हा एक गंमत झाली. तिथे गाडी उलटी निघते. पूर्वी इथून नायोरोकडे दुसरा मार्ग सरळ पुढे जायचा. तो १९८९ मध्ये उखडला. उरलेल्या दोन वाटा स्टेशनात एकाच बाजूने शिरतात, म्हणून आलेल्या गाडीला पाठमोरं होऊन निघावं लागतं. गाडीत घोषणा झाली आणि निम्मा डबा उठला. कुणीही कुणाला काही न बोलता लोक खालची पट्टी पायाने दाबून आपापलं बाक फिरवायला लागले. म्हातारे, पोरं, ऑफिसचे कोटवाले. पस्तीस वर्षांपूर्वी गेलेल्या एका रेल्वेमार्गाला दिवसातून इतक्या वेळा ही सगळी माणसं उठून मान देतात, हे त्यांच्या ध्यानातही नसेल. आम्ही उतरलो. स्टेशनामागे ७८ मीटर उंच कातळ सरळ उभा आहे. एन्गारू हे नाव मूळचं ऐनू लोकांचं, त्याचा अर्थ ‘जिथून नेहमी पाहतात ती जागा’. पाहणारे त्या कातळावर चढून पाहायचे. बर्फात माझ्याने चढवणार नव्हतं. मी खालूनच त्याच्याकडे बघितलं.

दुपारभर आम्ही गावात फिरलो. शाळा सुटायच्या वेळी स्टेशनात निळ्या-काळ्या कोटातली मुलं येऊन बसली, फोनमध्ये डोकं खुपसून. त्यांतल्या कुणालाच माझ्यात काही रस नव्हता, ते बरंच होतं. त्या मुलीच्या मागे २०१६ मध्ये कॅमेरे लागले होते, फलाटावर परगावचे लोक उभे राहिले होते. तिला कुणी विचारलं असेल की नाही, कोण जाणे.

परतीची ओखोत्स्क संध्याकाळची, पार काळोख झाल्यावरची. एन्गारू सुटलं, मारुसेप्पु सुटलं. मी या वेळी खिडकीशी बसले, पण बाहेर बघायला काहीच नव्हतं. काचेत डब्यातले दिवे, माझा चष्मा, भाच्याचं झोपलेलं डोकं. रुळांचा आवाज बदलला तेव्हा कळलं, खालचं. मग मी मनात मोजायला लागले, आणि मोजता मोजता वही काढून ते चार आकडे पुन्हा बघितले. पानाचा फोटो काढला आणि वाडीतल्या त्या मुलीला पाठवला. ती तेव्हा कराडला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला जमेल तशी दोन ओळीत हकीकत लिहिली, की जायला एक होती, यायला तीन होत्या, शेवटची सात पंचवीसची. उत्तर द्यायला आठ वर्षं लागली म्हणून माफ कर, असंही लिहिलं.

भारतात तेव्हा दुपार होती. शिराताकीच्या अलीकडेच तिचं उत्तर आलं.

“तीन म्हणजे चांगलंय की बाई. आमच्यापेक्षा एक जास्तच.” आणि थोड्या वेळाने आणखी एक. “पन दुपारचं काय?”